लाईन गेली की डोळे दुखतात: मोबाइलची न दिसणारी लुकलुक कशी ओळखायची, कशी थांबवायची

"भाऊ, मोबाइल पाह्यला का डोक्सं दुखते. पयल्या मोबाइलले असं नव्हतं होत."

दारव्ह्याला बसस्टँडजवळ माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हे वाक्य महिन्यातून तीन-चार वेळा तरी काउंटरवर ऐकू येतं. फोन तपासला तर त्यात काहीच बिघाड सापडत नाही. डिस्प्ले चकाचक, टच व्यवस्थित, चार्जिंग बरोबर. मग मी सांगायचो, "ब्राइटनेस कमी ठेवत जा." माणूस जायचा आणि पंधरा दिवसांनी तीच तक्रार घेऊन परत यायचा. कितीतरी वर्षं मी हा सल्ला दिला. काही लोकांसाठी तो साफ उलटा होता, त्यानं त्यांचा त्रास वाढत होता. हे मला कळलं ते माझ्याच घरात.

माझी बायको अंगणवाडी सेविका आहे. पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपमधली बरीच माहिती ती रात्री जेवणं आटोपल्यावर भरते. गेल्या दिवाळीत तिच्यासाठी नवा फोन घेतला, अमोलेड स्क्रीनचा, म्हणजे जिच्यात पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. पंधरा दिवसांतच भुवयांच्या मागं कळ, डोळ्यांना पाणी, कधी मळमळ असं सुरू झालं. चष्म्याचा नंबर तपासून आणला, बदललेला नव्हता. डॉक्टरांनी थेंब दिले, त्यानं जळजळ थोडी कमी झाली, पण डोक्यातली कळ काही गेली नाही. गंमत अशी की तिच्या बहिणीचा जुना फोन तासभर वापरला तरी तिला काही होत नव्हतं.

भिंतीवरच्या कॅलेंडरवर ती दुखण्याच्या तारखांना गोल करायची. हरभऱ्याला पाणी द्यायचे दिवस होते. आमच्याकडं त्या दिवसांत संध्याकाळी लाईन जाण्याचा काही नेम नसतो. एकदा कॅलेंडर पाहता पाहता तीच म्हणाली, "अवो, लाईन असली का कमी दुखते. लाईन गेली त्या दिवशी लयच दुखते. मले वाटे अंधारानं होत असंन."

तिचं खरं होतं, पण अर्धं. त्रास अंधारानं नव्हता होत. अंधार झाला की फोन जे करतो त्यानं होत होता.

लाईन गेली की खोलीत अंधार होतो. ऑटो ब्राइटनेस चालू असेल तर फोनचा सेन्सर तो अंधार ओळखतो आणि स्क्रीन एकदम मंद करतो. त्यात दिवसभर चार्जिंग झालेलं नसतं, बॅटरी २० टक्क्यांवर येते, बॅटरी सेव्हर लागतो आणि बऱ्याच फोनमध्ये तोही ब्राइटनेस आणखी खाली ओढतो. उरलंसुरलं आपण बोटानं करतो, कारण अंधारात उजेड टोचतो. म्हणजे लाईन नसलेल्या रात्री स्क्रीन ब्राइटनेसच्या पट्टीच्या अगदी तळाशी असते. अमोलेड स्क्रीनची लुकलुक सगळ्यात खोल असते ती इथंच, तळाशी.

स्क्रीन मंद होते म्हणजे नेमकं काय होतं

शेतातल्या पाण्याचं उदाहरण घ्या. वाफ्यात पाणी कमी सोडायचं तर दोन रस्ते आहेत. एक, व्हॉल्व्ह अर्धा फिरवून ठेवा, बारीक धार सलग चालू राहील. दुसरा, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, पूर्ण बंद करा, पुन्हा उघडा, पुन्हा बंद करा. उघडा ठेवायचा वेळ कमी केला की एकूण पाणी कमीच जाईल, पण धार सलग राहणार नाही, झटके बसतील.

बहुतेक अमोलेड फोन दुसऱ्या रस्त्यानं स्क्रीन मंद करतात. याला पल्स विड्थ मॉड्युलेशन म्हणतात, फोनवाल्यांच्या भाषेत पीडब्ल्यूएम. पहिल्या रस्त्याला डीसी डिमिंग म्हणतात. कंपन्या झटक्यांचा रस्ता निवडतात त्याला कारण आहे. अमोलेडच्या पिक्सेलला, म्हणजे पडद्यावरच्या ठिपक्याला, फार कमी करंट दिला की रंग बिघडतात, पांढऱ्या पडद्यावर हिरवट किंवा गुलाबी डाग दिसतात. पूर्ण करंट देऊन मधेमधे बंद केलं की रंग शाबूत राहतात.

बऱ्याच फोनमध्ये ही उघडझाप सेकंदाला २४० वेळा होते. एक फेरा साधारण चार मिलिसेकंदांचा. ब्राइटनेस भरपूर असताना त्या चारातला बहुतेक वेळ स्क्रीन पेटलेली असते. तळाशी आणली की उलट होतं, जरासं पेटते आणि बाकी सगळा वेळ काळी. आपल्याला सलग मंद उजेड दिसतो, पण डोळ्यावर पडतात ते लख्ख उजेडाचे ठोके.

इथं एक घोटाळा नेहमी होतो. खोक्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेले ९० किंवा १२० हर्ट्झ म्हणजे रिफ्रेश रेट, चित्र सेकंदाला किती वेळा बदलतं ते. तो आकडा म्हणजे या लुकलुकीचा वेग नव्हे. १२० हर्ट्झचा महागडा फोनही २४० हर्ट्झनं लुकलुकत असू शकतो.

दिसत नाही, मग त्रास कसा होईल?

हा प्रश्न मला घरातल्या माणसांनीही विचारला, आणि त्याहून वाईट म्हणजे त्रास होणाऱ्या बाईला विचारला. "काम नको म्हणून डोकं दुखते का?" असं तिला ऐकावं लागलं. म्हणून हे नीट सांगतो.

आपली लाईन ५० हर्ट्झची. जुन्या चोकवाल्या ट्यूबलाइटचा उजेड त्यामुळं सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. तेही डोळ्याला दिसत नाही. १९८९ साली इंग्लंडमध्ये अर्नॉल्ड विल्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका कार्यालयात साध्या चोकच्या ट्यूब आणि फार वेगानं चालणाऱ्या इलेक्ट्रॉनिक चोकच्या ट्यूब आळीपाळीनं लावून पाहिल्या. कोणत्या दिवसांत कोणती ट्यूब आहे हे काम करणाऱ्यांना ठाऊक नव्हतं. वेगवान चोक असताना डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण सरासरी निम्म्याहून खाली आला. पुढं २०१३ साली रॉबर्ट्स आणि विल्किन्स यांनी दाखवलं की नजर एका जागेवरून दुसरीकडे झटकन उडते तेव्हा काही माणसांना सेकंदाला हजाराहून जास्त वेळा होणारी लुकलुकही जाणवते. वाचताना आपली नजर अशीच उड्या मारत पुढं जाते. एकटक पाहताना न दिसणारे ठोके त्या उडीत वेगवेगळ्या जागी उमटतात.

सगळ्यांना हे होत नाही. माझ्या दुकानात बसणारा पोरगा दिवसभर तेच फोन पाहतो, त्याला काहीच होत नाही. अर्धशिशी असलेली माणसं उजेडाला जास्त नाजूक असतात, आणि माझ्याकडं ही तक्रार घेऊन येणाऱ्यांत अर्धशिशीवाले बरेच असतात. पण एकाला होत नाही म्हणून दुसऱ्याचं खोटं ठरत नाही.

आपल्या फोनची परीक्षा

खर्च शून्य. रात्री, खोलीतले सगळे दिवे बंद करून करा.

फोनवर कोरा पांढरा पडदा आणा. नोट्सचं रिकामं पानही चालतं. ब्राइटनेस तळाशी न्या. आता स्क्रीनसमोर एक बारीक काडी धरून पंख्यासारखी जोरात डावी-उजवी हलवा. आम्ही पऱ्हाटीची, म्हणजे कपाशीच्या झाडाची, वाळकी काडी घेतली होती. उजेड सलग असेल तर काडीचा एकच पुसट पंखा दिसतो. लुकलुक असेल तर काडीच्या सुट्या सुट्या सावल्या दिसतात, फणीच्या दातांसारख्या. बायकोच्या फोनसमोर पहिल्यांदा काडी हलवली तेव्हा तिनंच मोजल्या, आठ-नऊ तरी होत्या. मग बहिणीचा जुना एलसीडी फोन (त्यात पडद्याच्या मागं दिवा असतो) तिथंच ठेवला, तीच काडी तशीच हलवली. नुसता धुरकट पंखा. ती काही बोलली नाही, पण तिच्या तोंडावरचा मोकळेपणा मी पाहिला. एवढे दिवस आपलं दुखणं खरं की मनाचं, हेच तिला कळत नव्हतं.

दुसरी परीक्षा कॅमेऱ्याची. दुसऱ्या एखाद्या फोनच्या कॅमेऱ्यात प्रो मोड (हातानं सेटिंग करायची सोय) असेल तर शटर १/२००० सेकंदावर न्या, आयएसओ (उजेड टिपायची ताकद) वाढवा आणि संशयित स्क्रीनकडं धरा. स्क्रीनवर काळे आडवे पट्टे सरकताना दिसतील. पट्टे रुंद, गडद आणि मोजके असतील तर लुकलुक संथ आणि खोल. पट्टे बारीक, दाट आणि फिके असतील तर वेग जास्त, त्रास कमी. एकच पातळ रेघ वरून खाली जाताना दिसली तर घाबरू नका, पडदा ताजा होतानाची ती क्षणभराची झाक असते. आता हळूहळू ब्राइटनेस वाढवत पट्ट्यांकडं पाहत राहा. कुठंतरी ते फिके पडायला लागतात. बायकोच्या फोनमध्ये ती जागा पट्टीच्या साधारण मध्याला होती. तुमच्या फोनची जागा वेगळी असेल, ती शोधून लक्षात ठेवा. पुढचा सगळा उपाय त्या जागेवर उभा आहे.

उपाय

पट्टी त्या जागेच्या वर ठेवायची आणि मंदपणा दुसऱ्या वाटेनं आणायचा.

आधी ऑटो ब्राइटनेस बंद करा. पट्टी तुमच्या खुणेच्या वर नेऊन सोडून द्या. मग सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'एक्स्ट्रा डिम' शोधा. अँड्रॉइड १२ पासून बहुतेक फोनमध्ये ते आहे. सापडलं नाही तर सेटिंगच्या वरच्या शोधचौकटीत 'डिम' टाइप करा. हे सेटिंग दिव्याची उघडझाप बदलत नाही, चित्राचे रंगच गडद करतं. म्हणजे स्क्रीन डोळ्याला मंद दिसते, पण ठोके खोल होत नाहीत. आयफोनमध्ये याच कामासाठी 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' आहे.

बॅटरी सेव्हर लागल्यावर ब्राइटनेस खाली येत असेल तर सेव्हरच्या सेटिंगमधून तेवढं काढता येतं का बघा. नाही निघालं तर रात्रीच्या कामापुरता सेव्हर बंद ठेवा.

काही फोनमध्ये कंपनीनंच सोय दिलेली असते. कुठं तिचं नाव 'डीसी डिमिंग', कुठं 'अँटी-फ्लिकर', मोटोरोलाच्या काही फोनमध्ये 'फ्लिकर प्रिव्हेन्शन', आयफोन १७ मध्ये 'डिस्प्ले पल्स स्मूदिंग'. शोधचौकटीत 'फ्लिकर' टाकून पाहा. असेल तर आधी तेच चालू करा आणि काडीची परीक्षा पुन्हा घ्या. पडद्यावर रंगाचा किंचित फरक दिसेल, तो चालवून घ्या.

प्ले स्टोअरवर स्क्रीन मंद करणारी ॲप मिळतात. फोनमध्ये एक्स्ट्रा डिम नसेल तरच ती घ्या. पडद्यावर दुसऱ्या ॲपचा थर असला की काही बँकांची आणि पैशांची ॲप अडून बसतात, आणि अनोळखी ॲपला एवढी परवानगी देणं मला पटत नाही.

डार्क मोडनं लुकलुक जात नाही. पडद्याचा बराच भाग काळा असल्यामुळं डोळ्यावर पडणारा उजेड कमी होतो, एवढंच. काहींना बरं वाटतं. नाइट लाइटची पिवळी छटाही उघडझाप थांबवत नाही. निळ्या उजेडाच्या 'ब्लू कट' चष्म्यावर तर पैसे घालूच नका. वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०२३ सालच्या आढाव्यात असं दिसलं की डोळ्यांचा ताण कमी करण्यात तो साध्या चष्म्यापेक्षा थोड्या काळासाठीही सरस ठरत नाही. हा चष्मा घेऊन "तरी दुखते" म्हणणारी माणसं माझ्याकडं येतात तेव्हा फार वाईट वाटतं. गावात हजार रुपये म्हणजे कित्येक दिवसांची मजुरी असते.

आता खोलीतल्या उजेडाचं. गडद अंधारात उजळ स्क्रीन पाहणं डोळ्याला जडच जातं, म्हणून मागं किंवा बाजूला एक दिवा हवा. लाईन गेल्यावर चालणारे चार्जिंगचे बल्ब आता घरोघरी आहेत. घेताना त्याच्यासमोरही काडी हलवून पाहा. स्वस्त बल्बमधले काही स्वतःच भयंकर लुकलुकतात, तेव्हा स्क्रीन सुधारून उपयोग होत नाही. आमच्याकडं स्वयंपाकघरातली ट्यूब अजून जुन्या चोकची होती. ती बदलून चांगली एलईडी पट्टी लावल्यावर बायकोला दिवसाही बरं वाटायला लागलं. ते मला अपेक्षित नव्हतं.

सगळंच दुखणं या लुकलुकीचं नसतं

काडीच्या परीक्षेत काहीच दिसलं नाही, किंवा उपाय करून पंधरा दिवसांत फरक पडला नाही, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं.

चाळिशी ओलांडलेल्यांना बहुतेक वेळा जवळचा चष्मा लागलेला असतो. फोन हात लांब करून वाचावा लागत असेल तर आधी नंबर तपासा. स्क्रीन पाहताना पापण्या फार कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. आपल्या एप्रिल-मेच्या ४५ अंशांच्या झळांत आणि कूलरच्या थेट वाऱ्यात ते आणखी कोरडे होतात. दर २० मिनिटांनी २० फूट दूर, २० सेकंद पाहायचा नियम साधा आहे आणि उपयोगी आहे. अक्षरं मोठी करा, फोन हातभर लांब धरा.

एक गोष्ट आपल्या भागात फार महत्त्वाची. कपाशीवर फवारणी करून आल्यावर डोळ्यांची आग, धूसर दिसणं, डोकं गरगरणं, उलटी असं काही होत असेल तर मोबाइलकडं बोट दाखवत बसू नका. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं किती घरं उद्ध्वस्त झाली ते आपण पाहिलं आहे. कपडे बदलून, अंग आणि डोळे भरपूर पाण्यानं धुऊन तडक दवाखाना गाठायचा, औषधाची बाटली सोबत घेऊन. एका काकाजींनी मला ऑगस्टमध्ये "मोबाइलनं डोये जळून राह्यले" असं सांगितलं तेव्हा त्यांच्या शर्टाला औषधाचा वास होता. मी फोन हातातही घेतला नाही, त्यांना ऑटोत बसवलं.

डोळे मिटल्यावरही उजेडाचे झटके दिसणं, नजरेसमोर पडदा आल्यासारखं वाटणं, एका डोळ्याची नजर अचानक जाणं, डोळा लाल होऊन जोरात दुखणं आणि दिव्याभोवती रंगीत कडं दिसणं, यांतलं काहीही असेल तर त्याच दिवशी डोळ्यांचा डॉक्टर. घरात कुणाला फिट येत असेल तर डोळ्याला दिसेल अशी लुकलुक करणारी बिघडलेली स्क्रीन वापरूच देऊ नका.

फोल्डर बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल तर

आमच्या धंद्यातली गोष्ट आहे, म्हणून सांगणं माझं काम आहे. स्क्रीन फुटली की फोल्डर, म्हणजे काचेसकट अख्खा डिस्प्ले, बदलतात. स्वस्तातला कॉपी फोल्डर आणि कंपनीचा फोल्डर यांची उघडझाप एकसारखी नसते. कॉपीत ती कधी संथ असते, कधी जास्त खोल. आधी त्रास नव्हता आणि फोल्डर टाकल्यावर सुरू झाला असेल तर दुकानदाराला ते स्पष्ट सांगा. तुमच्याच मॉडेलचा मूळ स्क्रीनचा फोन शेजारी ठेवून काडी हलवा, लगेच कळेल. डोळ्यांना त्रास होतो असं आधी सांगितलंत तर मी महाग पडला तरी मूळ फोल्डरच सुचवतो, आणि ते जमत नसेल तर स्पष्ट सांगतो.

साध्या नजरेला दिसेल अशी लुकलुक मात्र वेगळी. ती फक्त चार्जिंगला लावल्यावर येत असेल तर चार्जर बदलून पाहा. फोन पडल्यानंतर सुरू झाली असेल तर आतला कनेक्टर सैल असू शकतो.

नवा फोन घेताना

नाजूक डोळ्यांसाठी अजूनही सगळ्यात सोपी निवड म्हणजे आयपीएस एलसीडी (एलसीडीचाच एक प्रकार) स्क्रीनचा साधा फोन. त्यातले बरेच सलग उजेडाचे असतात, सगळे नाही, म्हणून दुकानात काडी हलवायला लाजू नका. अमोलेडच हवा असेल तर पीडब्ल्यूएमचा आकडा विचारा. १९२०, २१६०, ३८४० हर्ट्झ असे आकडे आता मध्यम किमतीतही मिळतात. आयईईई या अभियंत्यांच्या संस्थेनं २०१५ साली एलईडी दिव्यांसाठी शिफारशी दिल्या. त्यांत १२५० हर्ट्झच्या वर धोका कमी आणि ३००० च्या वर परिणाम जवळपास नाही असं धरलं आहे. त्या दिव्यांसाठी आहेत, फोनसाठी नाहीत, पण अंदाजाला बऱ्या. मोठा आकडा म्हणजे हमी नव्हे, ठोका किती खोल आहे तेही मोजावं लागतं. शक्य असेल तर कुणाचा तरी तोच फोन एक रात्र अर्धा तास वापरून बघा, मगच पैसे द्या.

बरं होऊन पुन्हा सुरू होतं, त्याचं कारण

बायकोचा त्रास दहा-बारा दिवसांत गेला आणि फेब्रुवारीत अचानक परत आला. आम्ही दोघंही हबकलो. पाहिलं तर फोनला मोठा अपडेट आला होता आणि ऑटो ब्राइटनेस आपोआप चालू झाला होता. पुढच्या वेळी फोन बंद पडून पुन्हा चालू झाल्यावर एक्स्ट्रा डिम निघून गेलं होतं. त्या सेटिंगच्या आतच 'रीस्टार्टनंतरही चालू ठेवा' असं बटण असतं, ते मी लावायचं विसरलो होतो. त्रास परतला की नवं औषध शोधण्याआधी तीनच गोष्टी पाहा: ऑटो ब्राइटनेस, एक्स्ट्रा डिम, बॅटरी सेव्हर.

आता तिनं फोनच्या कव्हरच्या आत कागदाची चिठ्ठी घातली आहे, पट्टी कुठवर ठेवायची त्याची खूण करून. परवा संध्याकाळी लाईन गेली तेव्हा तिनं आधी चार्जिंगचा बल्ब लावला, मग चिठ्ठी काढून पट्टी बघितली आणि कामाला बसली. शेजारच्या आशाताईंचा फोनही ती काल काडी हलवून तपासून आली. त्यांच्याही फोनसमोर फणी उमटली.